मोकळी म्हणजे रिकामी नव्हे

तुमच्या घरापासून सर्वांत जवळचं पाणी कुठलं, आणि हे वाक्य तुम्ही वाचताय त्या क्षणी ते चढतंय की उतरतंय? नळाचं पाणी धरू नका.

गेली नऊ वर्षं मी हा प्रश्न पनवेलच्या आसपासच्या सोसायट्यांमध्ये विचारते आहे. करंजाड्यात, विचुंब्यात, नव्या पनवेलच्या प्रत्येक सेक्टरात. बहुतेक जण आधी खिशातला फोन काढतात. काही जण खिडकीकडे बघतात. बाराव्या मजल्याच्या खिडकीतून खाडी दिसत असते, पण ती भरलेली आहे की ओसरलेली, हे त्यांनी कधी बघितलेलं नसतं. भाव वाढवून सांगायला 'खाडी दर्शन' चालतं, खाडीचं दर्शन मात्र घ्यायचं नाही. मी चिडून बोलते असं वाटत असेल तर बरोबर वाटतंय.

माझं काम काय, हे लग्नाच्या मांडवात कुणी विचारलं की पंचाईत होते. आमच्या छोट्या संस्थेच्या कार्डावर 'समन्वयक' असं छापलेलं आहे. खाडीकाठच्या गावांत मला 'जुलवनारी' म्हणतात, म्हणजे स्थळं जुळवणारी, आणि ते जास्त खरं आहे. एका बाजूला या मातीत आणि पाण्यात आयुष्य गेलेली माणसं आहेत. मासे मारणाऱ्या, मिठागरात राबलेल्या, भातखाचरं राखलेल्या घरांतली. दुसऱ्या बाजूला पाच-दहा वर्षांपूर्वी इथे राहायला आलेली, इथलं काहीच न कळणारी माणसं आहेत. मी दोघांची गाठ घालून देते. वर्षभर नव्या माणसाने जाणत्या माणसासोबत जायचं, तो नेईल तिथे आणि नेईल तेव्हा. नियम तीनच. पहिले तीन महिने फोटो नाही. जाणत्याचं ओझं शिकणाऱ्याने उचलायचं. आणि जाणत्याला 'गुरुजी' म्हणायचं नाही, तो ज्या नावाने गावात ओळखला जातो त्याच नावाने हाक मारायची.

यातली पहिली अडचण भाषेची. दोघंही मराठीच बोलतात, म्हणून ती जास्त फसवी. विचुंब्याचे एक निवृत्त बँक अधिकारी मी खाडीत जाळं लावणाऱ्या नारायणमामांशी जोडून दिले होते. पंधरा दिवसांत त्यांचं मला लांबलचक पत्र आलं की सदर गृहस्थ नशापाणी करतात आणि त्याची आगाऊ सूचनाही देतात. पुरावा म्हणून मामांचा निरोप जोडला होता: 'उद्या भांग हाय, येव नका.' आता भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचं मरगळलेलं पाणी. भरती जेमतेम चढते, ओहोटी जेमतेम उतरते, जाळ्यात काही येत नाही. सातवीच्या भूगोलात 'भांगाची भरती' म्हणून धडा असतो, तो साहेबांनी पाठ करून मार्क मिळवले होते. मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "त्याला सांग, पुनवेला ये. तवा पानी पिऊन झिंगतं."

साहेब पुनवेला गेले. आज त्यांच्या सोसायटीच्या फळ्यावर रोजच्या भरतीची वेळ तेच लिहितात, आणि ती फोन बघून नाही, तिथीवरून. तिथीचा आकडा घ्यायचा, पाऊणने गुणायचा, येईल त्या आकड्याला भरती. आठ पाऊणे सहा, म्हणून अष्टमीला सहाला. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. आमच्या खाडीत पाणी उरणकडून आत यायला थोडा वेळ घेतं, तेवढा उशीर धरायचा. आमच्या आजोबांच्या पिढीने शाळेत पाऊणकी घोकली. खाडीवरच्या बायकांनी ती शाळेत न जाता वापरली.

पण आज मला साहेबांच्या चुकीबद्दल लिहायचं नाही. माझ्या चुकीबद्दल लिहायचं आहे, कारण नऊ वर्षांत ज्या कामाचा मला सर्वांत जास्त अभिमान आहे ते त्या चुकीतूनच निघालं.

आधी घरचं थोडं सांगायला हवं. माझे बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे. दिवसा लग्नपत्रिका आणि संध्याकाळी पत्रकं. जमिनीच्या मोबदल्याची, पाण्याच्या मोर्चाची, चिरनेरच्या जंगल सत्याग्रहाची आठवण जागवणारी. मी अक्षरं शिकले ती या पत्रकांवरच. चूल पेटवायला, डबा बांधायला, पुस्तकांना कव्हर घालायला आमच्या घरी पत्रकंच असत. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट एका पानात, ठळक टायपात आणि उद्गारचिन्हासह सांगता येते अशी माझी लहानपणापासून खात्री होती. उद्गारचिन्हं पुढे कमी झाली. खात्री कमी व्हायला सोनाबाय भेटावी लागली.

सोनाबाय खाडीकाठच्या एका गावातली. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी तुम्ही गाड्या घेऊन पोचाल. वय साठीच्या पुढे, नक्की किती ते तिलाही ठाऊक नाही. ओहोटीला चिखलात पायी उतरून निवटे, खुबे म्हणजे शिंपले, आणि चिंबोऱ्या धरणाऱ्या त्या गावातल्या बायकांपैकी रोज जाणारी ती एकटीच उरली होती. बाकीच्यांचे गुडघे गेले, कुणाच्या सुना नको म्हणाल्या, कुणाला जमिनीच्या बदल्यात भूखंड मिळाला आणि चिखलात उतरायची लाज वाटू लागली.

तिच्याकडे मी दोन शिकाऊ दिले. एक प्रज्ञा, करंजाड्यात राहणारी, लोकांचे गुडघे आणि पाठी व्यायामाने बऱ्या करणारी फिजिओथेरपिस्ट. दुसरे रहमानचाचा, पनवेलच्या मोहल्ल्यातले, उभं आयुष्य बस चालवून निवृत्त झालेले. खरं तर एकाला एकच जोडायचा आमचा रिवाज आहे. पण चाचांनी हट्ट धरला. म्हणाले, तीस वर्षं या खाडीच्या पुलावरून गाडी नेली, एकदा तरी खाली उतरायचंय, मग अल्लाने न्यावं. सोनाबाय त्यांना 'डायवर' म्हणायची. प्रज्ञाला 'गुरघ्याची डाक्टर'.

चिखलात चालणं हे एक शास्त्र आहे. पाय टाचेवर दिला की गेला. तळवा आडवा टाकायचा, वजन पुढच्या पायावर ढकलायचं आणि थांबायचं नाही. थांबला तो रुतला. निवटा हा बोटभर ते वीतभर लांबीचा मासा, डोळे डोक्यावर, चिखलावर उड्या मारत फिरतो. त्याच्या बिळाला दोन तोंडं असतात. एका तोंडात कोपरापर्यंत हात घालायचा आणि दुसऱ्यावर टाच दाबून धरायची. दुसरं तोंड कुठलं हे ओळखायला प्रज्ञाला चार महिने लागले. सोनाबायला लगेच दिसायचं. कसं दिसतं विचारलं तर म्हणायची, "तुला मानूस लंगडतो ता लांबून दिसतं ना? तसंच." यापेक्षा चांगलं अध्यापन मी कुठल्याही प्रशिक्षण शिबिरात ऐकलेलं नाही.

हे सगळं छान चाललेलं असताना मी खारफुटी लावायचा कार्यक्रम घेतला.

खारफुटी म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं. आमच्या खाडीत मुख्यतः तिवर. ती किनारा धरून ठेवतात, माशांच्या पिलांना आसरा देतात, पुराचं पाणी अडवतात. ती तोडणं गुन्हा आहे, आणि तो गुन्हा आहे हे घरोघरी सांगणारं पत्रक मीच लिहिलं होतं. त्यातलं एक वाक्य मला फार आवडायचं: 'खारफुटीचं एक पान तोडणं हाही गुन्हाच.' भराव टाकणाऱ्या डंपरांपुढे आम्ही उभे राहिलो होतो ते याच वाक्याच्या बळावर. मग वाटलं, नुसतं वाचवायचं का, वाढवूया. जागा शोधायला फॉर्म केला. त्यात एक प्रश्न होता: जागा मोकळी आहे का?

तो फॉर्म घेऊन मी सोनाबायकडे गेले. ती डोक्यावर टोपली घेऊन निघाली होती. उरणला मुलीकडे बाळंतपणाला जायचं होतं, त्याची घाई. मी बांधावर उभी राहून समोरच्या चिखलाच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, ही जागा मोकळी आहे ना? ती चालता चालताच म्हणाली, "हो, मोकलीच हाय." मी रकान्यात 'होय' लिहिलं.

दोन सकाळींत आम्ही तो पट्टा लावून काढला. करंजाड्यातून, विचुंब्यातून लोक आले. टोप्या, बूट, हातमोजे. बांबूच्या काठ्यांना बांधलेली तिवराची रोपं, दोरी लावून सरळ रांगांत. फलकावर माझंच वाक्य: 'खाडीकाठची मोकळी जागा हिरवी करूया.' फोटो इतके सुंदर आले की वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर त्यातलाच एक घ्यायचं ठरलं. प्रज्ञा त्या वेळी सासरी गेली होती आणि चाचांच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला होता. म्हणजे त्या चिखलाला ओळखणारं एकही माणूस त्या दिवशी तिथे नव्हतं. आणि हे माझ्या लक्षातही आलं नाही.

महिन्याने सोनाबाय परतली. अमावस्येच्या ओहोटीला ती प्रज्ञाला घेऊन बांधावर गेली. त्यानंतर काय झालं ते मला प्रज्ञाने फोनवर सांगितलं. सोनाबाय बांधावर थांबली, काठ्यांच्या रांगांकडे बघत राहिली, मग डोक्यावरची टोपली काढून प्रज्ञाच्या हातात दिली आणि घरी निघून गेली. प्रज्ञा विचारत होती, याचा अर्थ काय घ्यायचा? मला अर्थ कळला होता. शिकवणं संपलं होतं.

तीन वेळा गेले तेव्हा ती घरी नाही असं सांगितलं गेलं. चौथ्यांदा भेटली. चहा दिला, नव्या नातीचं नाक कुणावर गेलंय ते सांगितलं, मुलीच्या सासूला नावं ठेवून झाली. मी विषय काढला तेव्हा तिने कप खाली ठेवला.

"तूच इचारलंस ना मना, जागा मोकली हाय का?"

मी म्हटलं, हो, आणि तुम्ही हो म्हणालात.

"मोकली म्हंजे कोनाची आडकाठी नाय. कोनीबी या, कोनीबी धरा. रिकामी हाय, असा मी कवा बोलली? तुझा आंगन मोकला हाय. मंग मी येवन भात लावू तिथं?"

शब्दांवर पोट भरणाऱ्या बाईला एक शब्द कळला नव्हता. मी ज्याला मोकळी जागा म्हणत होते तिथे तिच्या आईने, आजीने, सासूने हात घातले होते. त्या पट्ट्याच्या प्रत्येक वळणाला नाव होतं. निवट्याला उघडा चिखल लागतो, ऊन लागतं. तिथे मुळ्या आल्या की तो जातो. आणि झाडं मोठी झाली की त्या जागेवर वनाची पाटी लागते आणि आत पाय ठेवायला बंदी येते. एक बाई आयुष्यभर जिथे कुणालाही न विचारता जात होती, तिथून मी तिला दोन सकाळींत, टाळ्यांच्या गजरात, बाहेर काढलं होतं.

मी म्हटलं, उद्याच काढून टाकते. तेव्हा ती हसली. ते हसणं मला अजून ऐकू येतं. म्हणाली, "कशी काढशील? तूच कागद वाटलास. पान तोडला तरी गुन्हा. बघ, माझ्याच दाराला हाय."

खरंच होतं. दाराच्या फळीला भोक होतं आणि त्यावर माझं पत्रक खळीने चिकटवलेलं होतं. थोरल्या नातीने वाचून दाखवलं होतं तिला.

त्या दिवशी घरी येऊन मी सगळं बाबांना सांगितलं. बाबांना आता डोळ्यांनी नीट दिसत नाही, तरी कुठलाही कागद ते आधी बोटांनी चाचपतात, छपाई कशी आहे ते बघायला. ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "चिरनेरला लोक जंगलात जायच्या हक्कासाठी उभे राहिले. तू जंगल लावून लोकांना बाहेर काढलंस." मग म्हणाले, "पत्रक लिही."

मी पत्रक लिहिलं. मथळा होता 'आमची चूक'. बाबांच्या हाताखालून निघालेल्या कुठल्याही पत्रकाला असा मथळा नव्हता. पत्रक म्हटलं की चूक नेहमी दुसऱ्याची असते. एका पानात लिहिलं की खाडीकाठचा हा पट्टा रिकामा नव्हता, तिथे गावातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या येत होत्या, आम्ही त्यांना न विचारता, किंवा अर्धवट विचारून, तिथे झाडं लावली, आणि ती योग्य जागी हलवण्यासाठी आम्ही रीतसर परवानगी मागत आहोत.

आमच्या संस्थेत वादळ झालं. अहवालाचं मुखपृष्ठ जाईल हा छोटा मुद्दा होता. मोठा मुद्दा आमच्यातल्या एका जुन्या, प्रामाणिक कार्यकर्त्याने मांडला. तो म्हणाला की हे पत्रक भराव टाकणाऱ्यांच्या हातात पडलं की ते नाचवतील, बघा, हेच म्हणतात खारफुटी नको. त्याची भीती खोटी नव्हती. मीही रात्रभर तोच विचार केला होता. पण मला वाटलं ते मी तिथे बोलले आणि आजही तसंच वाटतं: खाडी बुजवणारा आणि न विचारता खाडी हिरवी करणारा, दोघांचं पहिलं वाक्य एकच असतं. 'इथे काही नव्हतं.' ते वाक्य आपल्या तोंडी आहे तोवर आपण त्यांच्याशी कशाच्या जोरावर भांडायचं?

पत्रक निघालं. मुखपृष्ठ गेलं. ज्या सोसायट्यांतून लोक रोपं लावायला आले होते तिथे मी स्वतः ते वाटलं. काहींनी मला ऐकवलं की आमचे दोन रविवार वाया घालवलेत. एका काकूंनी विचारलं, मग आमच्या नावाची झाडं काढणार? त्यांनी नातवाच्या वाढदिवसाचं झाड लावलं होतं. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, काढायला मी पण येते.

अर्ज घेऊन वनखात्याच्या कचेरीत गेले तर तिथल्या अधिकाऱ्यांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, खारफुटी हटवायचे अर्ज जमीन हवी असलेले लोक करतात, लावणाऱ्यानेच केलेला हा मी पहिला बघतो. नाही म्हणाले नाहीत. जागा बघायला येतो म्हणाले. माझ्यापेक्षा ते शहाणे, जागा बघितल्याशिवाय त्यांनी कुठल्याच रकान्यात काही लिहिलं नाही.

ते आले त्या दिवशी सोनाबायला बोलवायला रहमानचाचा गेले. मी गेले असते तर ती आली नसती. चाचांनी तिला काय सांगितलं ते त्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही, फक्त 'बायजी को मना लिया' एवढंच म्हणाले. ती आली, पदर खोचला आणि वनखात्याच्या साहेबांना म्हणाली, बूट काढा. साहेबांनी काढले. दहा पावलांवर ते मांडीपर्यंत रुतले. चाचा बांधावरून म्हणाले, "साहेब, गिअर बदला, फर्स्टमध्ये चढणार नाही." सोनाबायने त्यांचा हात धरून काढलं, मग त्यांना बिळाची दोन तोंडं दाखवली, रोपांच्या रांगांमुळे ती कशी बुजत चालली आहेत ते दाखवलं. शेवटी बांधाच्या आडोशाला नेलं. तिथे जुन्या तिवरांची रांग होती, मधूनमधून तुटलेली. म्हणाली, झाडांनाही घर लागतं, इथे जुनी आहेत, त्यांच्या पायाशी लावा, जगतील. साहेबांनी वहीत लिहिलं. मी बघितलं, त्यांनी तिचंच वाक्य जसंच्या तसं लिहिलं होतं.

परवानगी यायला वेळ लागला, आणि तेवढ्यात पुष्कळ रोपं मेली. बुंध्यांना शंख-शिंपल्यांचे खवले चढले, लाटेने काठ्या आडव्या झाल्या. मेलेल्या प्रत्येक रोपाला मी जबाबदार आहे. झाडाचा यात काहीच दोष नव्हता, त्याला चुकीच्या जागी उभं केलं होतं एवढंच.

पण ज्या दिवशी उरलेली रोपं हलवली तो दिवस मी कुणालाही, केव्हाही सांगायला तयार आहे. सोनाबायने गावातल्या सहा बायका आणल्या. त्यांतल्या चौघींनी कित्येक वर्षांत चिखलात पाय टाकला नव्हता. ज्यांना लाज वाटत होती, त्यांना त्या दिवशी हुकूम सोडायला मिळाला. सोसायट्यांतून लोक आले, पहिल्या वेळेपेक्षा कमी, पण आले. या खेपेला फलक नव्हता, हातमोजे नव्हते. प्रत्येक बाईमागे तिघे-चौघे. ती दाखवील तिथे हात घालायचा, मुळांसकट चिखलाचा गोळा उचलायचा, टोपलीत ठेवायचा आणि तिच्या पावलात पाऊल टाकून बांधाकडे यायचं. एका इंजिनिअरने घाईत रोप ओढलं तर एक आजी त्याला म्हणाल्या, "बायकोला बी अशीच वढतंस का रं?" सगळा चिखल हसला. प्रज्ञा वाकून वाकून थकली आणि गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली तर सोनाबाय ओरडली, लोकांचे गुडघे नंतर बघ, आधी स्वतःचा सोडव, रुतलीस. वाढदिवसाच्या झाडवाल्या काकू आल्या होत्या. त्यांचं रोप मेलं होतं. त्यांनी दुसरं कुणाचं तरी उचललं आणि कुणाचं ते विचारलं नाही.

नऊ वर्षांत मी कितीतरी जोड्या जुळवल्या. पण तोवर मला वाटायचं की जाणता माणूस निसर्ग शिकवतो आणि शिकाऊ तो शिकतो. त्या दिवशी दिसलं की त्या बायका झाडं आणि निवटे नव्हे, शेजार शिकवत होत्या. तू इथे आलास, ठीक आहे, पण इथे आधीपासून कोण आहे ते बघ, आणि त्याला जागा ठेवून उभा राहा. हे झाडालाही लागू, निवट्यालाही, बाराव्या मजल्यावरच्या माणसालाही. आणि पत्रकं लिहिणारीलाही.

सोनाबाय त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. मी अपेक्षाही केली नव्हती. पंधरा दिवसांनी तिच्या थोरल्या नातीच्या फोनवरून फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. "उद्या चवदस. दुपारी साडेचारला पानी उतरंल. गुरघ्याच्या डाक्टरला सांग, टोपली घेवन ये. आन तू बी ये. बिनाकागदाची."

मी मनातल्या मनात चौदाला पाऊणने गुणलं. साडेदहाला भरती, सहा तासांनी साडेचार. बरोबर होतं. मी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच जुळवणारी म्हणून नाही, शिकाऊ म्हणून. दुसरं तोंड कुठलं ते मला अजून ओळखता येत नाही.

सगळं गोड झालं असं सांगून तुम्हाला फसवणार नाही. पट्ट्याचा एक भाग सावरला नाही, तिथे निवटे परतले नाहीत. सोनाबायच्या गावातली एकही तरुण मुलगी तिच्यासोबत जात नाही. तिचं ज्ञान पुढे नेणारी एक करंजाड्याची फिजिओथेरपिस्ट आहे आणि एक निवृत्त ड्रायव्हर. कुणी म्हणेल ही चेष्टा आहे. मी म्हणते ही सुरुवात आहे, कारण त्या सहा आजींपैकी दोघी आता पुन्हा जातात, आणि त्यांच्यामागे शिकाऊ आहेत. बांधाच्या आडोशाची रोपं आता माझ्या कमरेएवढी झाली आहेत. आमच्या फॉर्मवरचा तो प्रश्न आम्ही खोडला. त्याच्या जागी तीन प्रश्न आहेत: इथे कोण येतं, कधी येतं, कशासाठी येतं? आणि एक अमावस्या, एक अष्टमी स्वतः तिथे उभं राहिल्याशिवाय तो फॉर्म भरायची परवानगी कुणालाच नाही. मलाही नाही.

आता तुमच्याकडे एक मागणं. तुमच्या घराजवळ एखादी जागा असेल जिला तुम्ही रिकामी म्हणता. ओढ्याचा काठ, माळ, तळ्याची कड, टेकडीचा उतार, दोन इमारतींमधलं पडीक. या दिवाळीच्या सुट्टीत एका पहाटे आणि एका संध्याकाळी तिथे जाऊन तास-तासभर नुसते उभे राहा. काही लावू नका, काही झाडू नका, फोन घरी ठेवा. कुणी ना कुणी येईल. गवत कापायला, गुरं घेऊन, शेण वेचायला, भाजी खुडायला, गळ टाकायला. त्यांना विचारा की तुम्ही इथे कधीपासून येता. उत्तर मिळालं की त्यांच्या हातातलं ओझं घ्या, आणि ते जातील तिथवर त्यांच्या मागून चाला.